कमळकाकीची कॅमेरा-परीक्षा

बोर्ली पंचतनच्या बाजारापासून थोडं आत आमची वाडी आहे. तिथल्या कमळकाकी शिगवण बायकांचे ब्लाउज शिवतात. कुणाचं माप कधी वाढलं हे त्यांना ठाऊक असतं, पण ते त्या कुणाला सांगत नाहीत. फक्त हसतात, आणि त्या हसण्याचीच बायकांना जास्त भीती वाटते.

त्यांची मुलगी प्रणाली पनवेलला राहते. कॅमेरे वापरून बघायचे आणि ते कसे आहेत हे मराठीतून व्हिडिओत सांगायचं, हे तिचं काम. गेल्या हिवाळ्यात नवशिक्यांसाठी निघालेला एक डीएसएलआर कॅमेरा तिच्याकडे परीक्षेला आला. तिला स्वतःला सगळं येत असल्यामुळे नवशिक्याला कुठे अडतं ते कळेना. जन्मात कॅमेरा न धरलेलं माणूस हवं होतं. म्हणून ती कॅमेरा घेऊन थेट आईकडे आली.

तिने आईला थोडक्यात समजावलं. कॅमेऱ्यावरची गोल चकती हिरव्या खुणेवर ठेवायची म्हणजे कॅमेरा स्वतःच सगळं ठरवतो. बटण आधी अर्धं दाबायचं, चित्र स्पष्ट झालं की पूर्ण. फोटो उन्हात काढ, सावलीत काढ, हलणाऱ्या वस्तूचे काढ, आणि जे आवडणार नाही ते मोकळेपणी सांग.

हलणारी वस्तू म्हणून काकींनी शेजारच्या येसूबाईंचं तोंड निवडलं. येसूबाई बोलायला लागल्या की मधे श्वास कधी घेतात ते आजवर कुणी पाहिलेलं नाही. काकींनी त्यांना आधी पडवीत बसवलं, मग अंगणात, आणि सुनेचा विषय काढून दिला. पडवीतल्या फोटोंत येसूबाईंचं तोंड धूसर आलं, अंगणातल्या फोटोंत दात मोजावेत इतकं स्पष्ट. उजेड असला की कॅमेरा चपळ होतो, हे प्रणालीने पुढे व्हिडिओत सांगितलं ते याच पुराव्यावर. येसूबाईंना आपण कशासाठी बसलो होतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. फोटो छान आले म्हणून त्या खूश होत्या.

तक्रारीही काकींनी सांगितल्या. गळ्यात अडकवून फिरलं की मान भरून येते. अंधार दिसला की फ्लॅश न विचारता डोकं वर काढतो. आणि फोटो काढताना खटक आवाज होतो, त्यामुळे चोरून कुणाचा काढता येत नाही. ही शेवटची तक्रार त्यांनी दोनदा सांगितली.

मग एका सकाळी गळ्यात कॅमेरा घालून त्या बहिणीकडे खाडीपलीकडे आगरदांड्याला निघाल्या. त्यांचे यजमान बाळाजीकाका त्याआधीच जमिनीच्या कागदांसाठी श्रीवर्धनला म्हणून बाहेर पडले होते. काकांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी गोड आणि तळलेलं बंद केलेलं, आणि घरात त्याची अंमलबजावणी काकींकडे. दिघीहून फेरीबोट सुटली तेव्हा काकींनी मागे वळून धक्क्याचा एक फोटो काढला. पाणी, होड्या, कडेला चहाची टपरी. परत आल्यावर दुपारी प्रणालीने कॅमेरा टीव्हीला जोडला. कडेचा भाग किती स्पष्ट येतो ते बघायला तिने टपरी मोठी केली, आणखी मोठी केली, आणि थांबली.

टपरीच्या बाकावर निळ्या चौकड्यांच्या शर्टात बाळाजीकाका बसले होते. एका हातात जिलबी, दुसऱ्या हातात भजी. आधी काय खावं हा प्रश्न चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

काकींनी टीव्हीजवळ जाऊन जिलबीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "कॅमेरा चांगला हाय. लांबचं नीट दिसतं."

संध्याकाळी काका आले, कचेरीतल्या गर्दीबद्दल बोलले आणि आज जेवणच झालं नाही असंही म्हणाले. काकींनी टीव्हीवर तो फोटो लावला.

काका खाली बसले. "ती जिलबी माझी न्हाय," ते म्हणाले.

"व्हय का? मग कोणाची धरून बसलाव?"

त्या रात्रीपासून त्यांच्या पानात कारल्याची भाजी आली आणि आठवडाभर हटली नाही. काकांना मात्र कारल्यापेक्षा एकाच गोष्टीची धास्ती होती: हा फोटो व्हिडिओत जाणार.

म्हणून दुसऱ्या दिवशी मायलेकी बाजारात गेल्यावर त्यांनी फोटो पुसायचं ठरवलं. चष्मा सापडेना. पुसायचं बटण मागे कोपऱ्यात, बारीकशी खूण असलेलं. ते पुढच्या बाजूला असेल म्हणून काकांनी कॅमेरा उलटा फिरवला, हात लांब करून भिंगात डोकावले आणि वरचं मोठं बटण दाबलं. फ्लॅश उडाला, खटक झालं. पुसला असं वाटलं म्हणून खात्रीला आणखी दोनदा दाबलं.

प्रणालीने घरी येऊन पाहिलं तर जिलबी जागच्या जागी, आणि पुढे काकांचे तीन फोटो: डोळे मोठे, भुवया वर, तोंड किंचित उघडं. ती जमिनीवर बसून हसत सुटली. वडिलांचा हात धरून म्हणाली, "बाबा, नवशिक्याला काय अडतं ते आईपेक्षा तुम्हीच सांगितलंत."

काकांनी सौदा केला. जिलबीचा फोटो जाणार नाही, हे तीन गेले तरी चालतील. काकी सौद्याला तयार झाल्या, कारलं बंद करायला नाही. व्हिडिओत प्रणालीने सांगितलं की शिकायला कॅमेरा उत्तम, फक्त फोटो पुसायची सोय सहज सापडत नाही. आणि पडद्यावर काका आले. लोकांना ते इतके आवडले की बोर्लीच्या बाजारात अनोळखी माणसं त्यांच्याकडे बघून भुवया वर करू लागली. काका आधी चिडले, मग स्वतःच करून दाखवायला लागले.

कॅमेरा पनवेलला परत गेला. घर ओकंओकं वाटायला लागलं तेव्हा दोघांनी मिळून तसाच एक आणला, आणि आता पाळी कुणाची यावरून रोज वाद होतो. काकी माणसांचे फोटो काढतात. काका सकाळी शेतावर चालत जातात आणि फक्त म्हशींचे काढतात. माणसांचे का नाही असं मी विचारलं, तर म्हणाले, "म्हशीच्या घरी टीव्ही न्हाय."