पाच तुकड्यांची दोरी

"आई, मी येऊन राहिली!" माझी मुलगी विहिरीच्या काठावरून ओरडत होती. तिला पोहता येत नव्हते. मलाही येत नव्हते. मी खाली गळ्यापर्यंत पाण्यात होते. डाव्या हाताने कपारीतला एक दगड धरला होता. उजवा हात खांद्यातून निखळला होता आणि दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा पाण्यात लोंबत होता. नऊवारी लुगडे पायांना गुंडाळले होते. वर परातीएवढे आभाळ दिसत होते आणि त्यात माझ्या मुलीचे पाय. पायांची बोटे काठाबाहेर आली होती.

"मारू नको उडी" म्हणायला मी तोंड उघडले तर तोंडात पाणी गेले.

तेवढ्यात वरून दुसरा आवाज आला. "झन कूद! झन कूद!" उडी मारू नको, असे ओरडणारी ती मरोदा वस्तीकडची पोर एरवी आमच्याशी हिंदी बोलायची, पण त्या क्षणी तिच्या तोंडून घरची छत्तीसगढीच निघाली. माझ्या मुलीचे पाय एकदम मागे गेले. दोघीतिघींनी तिला मागे ओढून जमिनीवर पाडले होते आणि एक जण तिच्या पोटावर बसली होती. हे मला नंतर कळले. तेव्हा मला फक्त आभाळ दिसले, मोकळे.

त्यानंतर त्याच पोरीने सगळ्यांना थांबवायला शिटी वाजवली. मग काहीच ऐकू येईना. आठ पोरी वर होत्या, अकरा ते चौदा वर्षांच्या, आणि एकही रडत नव्हती.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. दोष माझाच होता.

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मधल्या आमच्या शाळेत मुलांचे स्काउट आधीपासून होते. मुलींचे गाइड नव्हते. आणीबाणी संपली त्या सुमारास शाळेतली एक बाई पचमढीच्या गाइड-केंद्रात जाऊन शिकून आली. येताना तिने एक शिटी, एक पुस्तक आणि जाड पांढऱ्या दोरीचे एक भेंडोळे आणले. मुलींना गोळा केले, आभाळी रंगाचे कुडते शिवायला सांगितले, गळ्यात स्कार्फ बांधले. मुली तिला कैप्टन म्हणायच्या. आमच्या ब्लॉकमधल्या बायका हसून हसून मेल्या. मी सगळ्यात जास्त. माझी मुलगी घरी येऊन मला डावा हात पुढे करून दाखवायची, गाइड असाच हात मिळवतात म्हणून. मी म्हणायची, "धुतला का वं तो हात?"

आणि त्या गाठी! खाटेच्या पायाला दोरी बांधून ती बसायची. ही खूंटा फांस, खुंट्याला बांधायची; ही मछुआ गांठ, ही जुलाहा गांठ, दोन दोऱ्या जोडायच्या. मी चौथी शिकलेली बाई, पण माहेरी मी रोज पाणी शेंदले आहे, बैल बांधले आहेत, भारे आवळले आहेत. मी म्हटले, "दोरी बांधाले शाळेत कावून जा लागते? आमाले कोणी शिकवलं?"

वर्षभराने कैप्टनने पहिले शिबिर काढले, दिवाळीच्या सुटीत, पाच दिवसांचे, नंदिनीच्या खाणींकडच्या एका आमराईत. तंबूत निजायचे. ऐकून घरोघरी वडील बिघडले. आमचे हे प्लांटच्या ऑफिसात क्लार्क. ते तर जेवता जेवता उठले. "एवढाल्या पोरी जंगलात निजतीन?" शेवटी असे ठरले की घरच्यांपैकी एक बाई सोबत जाईल, स्वयंपाकही करील आणि नजरही ठेवील. सगळ्या बायकांनी माझ्याकडे बोट दाखवले. तीस जणींचा स्वयंपाक मला जड नव्हता. आणि माझे तोंड असे की पोरी घाबरून राहतील, हेही त्यांना ठाऊक होते.

हे म्हणाले, "तुले जा लागते. नाही तर पोरगी नाही जात."

मुलगी तीन दिवस माझ्या मागे लागली होती. मी गेले.

तिथे पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी ते पांढऱ्या दोरीचे भेंडोळे एका तंबूत पडलेले पाहिले. बाहेर ओले कपडे झुडपांवर वाळत होते. चुलीवर ताडपत्री टाकली होती, ती वाऱ्याने फडफडत होती. मी विळी घेतली आणि त्या दोरीचे पाच तुकडे केले. दोन कपड्यांना, एक ताडपत्रीला, एक लाकडांचा भारा आवळायला, एक भाजीची टोपली मुंग्यांपासून वर टांगायला. मला वाटले, चांगले काम केले.

आठ मुलींच्या एका टोळीची नायिका होती ती मरोद्याकडची पोर. चौदा वर्षांची, काळी, हडकुळी, कपाळावर केस चापून बसवलेले. तिने ते पाहिले आणि माझ्यापाशी आली.

"मौसी, वो बचाव की रस्सी थी।"

"आता वाळवणाची आहे," मी म्हटले. "बचाव कोणाले पाहिजे हियां?"

तिने ताडपत्रीची गाठ चाचपून पाहिली. मग म्हणाली, "कैप्टन दीदी को मैं नहीं बताऊंगी। आप बता देना।"

मी सांगितले नाही.

पाणी हातपंपाचे आणायचे असे कैप्टनने बजावले होते. हातपंप दोन शेते ओलांडून होता. आमराईत जुनी विहीर होती, कठडा नसलेली, चुनखडीच्या दगडात खोदलेली. पाणी शेंदायला वर लाकडाची एक फळी आडवी टाकलेली. त्या विहिरीपाशी जायचे नाही, हेही बजावले होते. तिसऱ्या दिवशी कैप्टन बाकीच्या मुलींना घेऊन चुनखडीच्या खाणी दाखवायला गेली. मरोद्याच्या पोरीची टोळी माझ्या हाताखाली स्वयंपाकाला राहिली. त्या टोळीत माझी मुलगी होती. भाताला पाणी कमी पडले. मी बादली घेतली आणि विहिरीवर गेले. जन्मभर विहिरीचे पाणी भरले, मला कोण शिकवणार? फळीवर दोन्ही पाय दिले आणि फळी मोडली. बादली गेली, बादलीची दोरी गेली, मी गेले.

तर मी खाली होते, वर ही शांतता, आणि मग तो आवाज.

"मौसी, सुन रही हो? पत्थर पकड़े रहो। हम रस्सी ला रहे हैं।"

मी ओरडले, "खाली ये ना वं कोणी तरी! हात निखळला माझा!"

"कोई नहीं उतरेगा।"

असे तिने सरळ सांगितले. मी तिला तेव्हा काय काय शिव्या दिल्या ते लिहीत नाही. आज वाटते, ती उतरली असती तर माझ्या गळ्याला मिठी बसली असती आणि दोघी गेलो असतो. तिला ते चौदाव्या वर्षी माहीत होते. मला छत्तिसाव्या वर्षी माहीत नव्हते.

वर पळापळ ऐकू येत होती. आणि मला समजले की दोरी नाही. दोरी मी कापली. आता त्या पोरी सगळ्या आमराईत माझे तुकडे गोळा करीत फिरत होत्या.

"खुल नहीं रही!" एक बारीक आवाज.

"दांत से खोल।"

"नहीं खुल रही, मौसी ने कैसी बांधी है!"

"काट मत! काटेगी तो छोटी पड़ेगी।"

माझ्या गाठी. मी जोर लावून आवळलेल्या, एकावर एक तीन वेढे. मला त्यांचा फार अभिमान होता. मी पाण्यात होते आणि त्या पोरी माझ्या गाठी दाताने सोडवीत होत्या. मासा कडेने गेला की साप, काही तरी पायाला लागून गेले. हाताची बोटे सुन्न पडत होती.

शेवटी दोर खाली आला. टोकाला दोन फासे, एक वरचा, एक खालचा. आला आणि माझ्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर थांबला. कमी पडला.

मी झेप घ्यायला निघाले. वरून ती ओरडली, "मौसी, नहीं! पत्थर मत छोड़ो!" आणि दोर परत वर गेला. दोर वर जाताना पाहणे हे पडण्याहून वाईट होते.

या वेळी त्यांनी काय केले ते मुलीने नंतर सांगितले तेव्हा माझा विश्वास बसला नाही. आणखी दोरी एकच उरली होती, झेंड्याची. मरोद्याची पोर झेंड्याच्या काठीपाशी धावली. झेंडा उतरवला. तो मातीत टाकला नाही. दोघींनी चार कोपरे धरून त्याची घडी घातली आणि सगळ्यात लहान पोरीच्या हातावर ठेवली. मी बुडून राहिली होती आणि ह्या झेंड्याची घडी घालून राहिल्या होत्या! पण घडी घालायला लागला असेल तेवढाच वेळ, एक श्वास. त्याच श्वासात सगळ्यांची पळापळ थांबली, असे मुलगी म्हणाली.

झेंड्याची दोरी दुहेरी करून त्यांनी दोराच्या वरच्या, आंब्याच्या बुंध्याला बांधायच्या टोकाला जोडली. काठावर सतरंजी टाकली, दगडाने दोर कापू नये म्हणून. दोर पुन्हा खाली आला. या वेळी फासे माझ्या तोंडासमोर पाण्यावर टेकले.

"मौसी, वरचा फास गळ्यातून घाला," आता माझी मुलगी बोलत होती. तिला काठावर पालथे निजवले होते आणि दोघींनी तिचे पाय धरले होते. मराठीत सांगायला तिलाच पुढे केले होते. घाबरून तिनेही मला मौसी म्हटले. "आधी दुखरा हात काढा त्यातून. मग चांगला. फास काखेखाली आला पाहिजे. दुसरा गुडघ्याखाली."

चांगला हात काढायचा म्हणजे दगड सोडायचा.

मी सोडेना. वेळ किती गेला माहीत नाही. मग मरोद्याच्या पोरीचा आवाज आला, हळू, जवळून बोलल्यासारखा.

"मौसी, अब छोड़ो। गांठ मेरी है।"

मी दगड सोडला. डोके पाण्याखाली गेले, कानात घुंघुं झाले, डावा हात फाशातून गेला आणि काखेत दोरी बसली. खालचा फास पायाने शोधला. लुगड्यात अडकला, सुटला, गुडघ्यामागे आला. वर बुंध्याला एक वेढा दिला होता. सहा जणी ओढत होत्या, आणि जेवढा दोर आला तेवढा सातवी वेढ्यातून खेचून धरत होती. मी पायाने कपारी शोधत होते. मी वजनदार बाई आहे, तेव्हाही होते.

वर जाताना माझ्या डोळ्यांपुढे दुसरे काही नव्हते, फक्त माझ्यावरचा दोर. त्यात जोड दिसत होते, एकामागून एक. प्रत्येक जोड वेगळ्या पोरीने मारलेला. पहिला जोड काठाशी गेला, सतरंजीवर अडला, तिथे बसलेल्या आठवीच्या लहान हाताने उचलून पलीकडे नेला. मग दुसरा. मी प्रत्येक गाठीकडे पाहत होते. खरे सांगते, देवाच्या मूर्तीकडे मी कधी तसे पाहिले नाही. चिमुकल्या गाठी होत्या. माझ्या आवळलेल्या वेढ्यांपुढे कोणी त्यांना गाठ म्हटले नसते. एकही सरकली नाही. चौथी गाठ काठावरून गेली आणि मग माझे डोके बाहेर आले.

त्यांनी मला काठापासून पाच पावले ओढत नेले आणि मगच सोडले. मग सगळ्या एकदम रडायला लागल्या, मोठ्याने, लहान मुलांसारख्या. त्या लहान मुलीच होत्या. मरोद्याची पोर मात्र रडली नाही. तिने स्कार्फ सोडून माझा हात छातीशी बांधला. मग दोर गोळा करून एकेक गाठ अंगठ्याने ढकलली. गाठी अशा उघडल्या की जणू कधी बांधल्याच नव्हत्या. भाजीच्या टोपलीवरची माझी एक गाठ मात्र तशीच होती. ती शेवटी विळीने कापावी लागली होती.

कैप्टन आली. तिने आधी दोरीचे तुकडे पाहिले. "रस्सी किसने काटी?" पोरी जमिनीकडे पाहत राहिल्या. माझी मुलगीही.

"मी कापली," मी म्हटले. "ह्या पोरीने मले सांगतलं होतं का ते बचावाची दोरी आहे. मी आयकलं नाही."

कैप्टनने तुकडे उचलून खांद्यावर टाकले. मग म्हणाली, "चाची, भात जल रहा है।"

भात खरोखर करपला होता. ताडपत्री खाली पडून चुलीवर धूर झाला होता. त्या दिवशी सगळ्यांनी पोहे खाल्ले. खांदा मी सेक्टरच्या हॉस्पिटलात बसवून घेतला. थंडीत अजून दुखतो.

घरी गेल्यावर ब्लॉकच्या बायका जमल्या. एक म्हणाली, "पुढच्या वर्षी पोरीले पाठवशीन का?" मी म्हटले, "पाठवीन. मी मातर दोरीले हात लावणार नाही."

त्या दिवशी आमराईत आम्ही नऊ जणी होतो, आठ पोरी आणि एक मी. विहिरीत एक पडली, दुसरी उडी मारता मारता राहिली. नऊच्या नऊ जणी जगलो.