सातवा पूर्वज

"मिरासकडचे नायमान, आपण दुलात. कुळंच वेगळी, मग पूर्वज एक कुठून आला?" कुल्यान कढई घासता घासता नवऱ्याला विचारत होती.

"ऐकीव गोष्टींवर मी जात नाही," माझा दीर दुइसेन म्हणाला. "कॉम्प्युटरवर क्वेरी चालवली, ती सांगते, सातव्या पिढीत पूर्वज एकच. आपल्या कझाकांत सात पिढ्यांत नातं निघालं की लग्न नाही. हा नियम मी केलेला नाही."

दुइसेन तराज शहरातल्या एका पीठगिरणीचा डेटाबेस सांभाळतो. गोदामात गहू नसला तरी त्याच्या नोंदीत असतो. घरीही त्यानं साऱ्या नातलगांच्या सात पिढ्या एसक्यूएलच्या टेबलात बसवल्यात. जेवणावळीत एखाद्या पोराला सातवं नाव आठवलं नाही, की हा चारचौघांत त्याला रडवतो. शनिवारी नवऱ्यामुलाकडची, म्हणजे मिरासकडची मंडळी त्याच्या मुलीच्या, अक्मरालच्या कानात डूल घालून लग्न पक्कं करणार होती, तर यानं मिरासच्या पिढ्याही त्यात घातल्या.

"येऊ नका म्हणून कळवतो," त्यानं फोन उचलला.

अक्मराल पुढे झाली. "बाबा, त्या पूर्वजाचं नाव काय?"

"नावाचं काय घेऊन बसलीस? जुळलंय ना."

तिनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मीही चष्मा लावला. मिरासच्या सातव्या रकान्यात लिहिलं होतं, 'अज्ञात'. आमच्या सातव्या रकान्यातही 'अज्ञात'.

"रकाना रिकामा सोडला असतात तर जुळला नसता," ती म्हणाली. "रिकामं रिकाम्याशी जुळत नाही. तुम्ही दोन्हीकडे एकच शब्द भरलात, तो जुळला."

"रिकामं बरं दिसत नाही."

"म्हणजे भाऊजी," मी म्हटलं, "आपला सातवा तुम्हालाही ठाऊक नाही? आणि पोरांना रडवत होतात?"

"वडिलांनी सांगितला होता, वहिनी. नोंद राहून गेली. तरी खात्री होईपर्यंत थांबलेलं बरं."

कुल्याननं कढई पालथी घातली, हात पुसले आणि त्याच्या हातातला फोन काढून घेतला.

"पाहुण्यांच्या जेवणासाठी घोड्याचं मांस सांगून झालंय. शनिवारी ते येतील, डूल घालतील, अक्मरालचं लग्न होईल. तुम्ही दाराशी उभं राहून पाहुण्यांचे कोट घ्यायचे. आणि या घरात यापुढे कुणीही, कुणालाही सातवं नाव विचारायचं नाही."