मल्लिनाथ मास्तरांची हद्दपारी

लोहाऱ्याच्या अलीकडल्या एका खेड्यात मल्लिनाथ मास्तर खासगी शाळा चालवायचे. गुलबर्ग्याला शिकून आलेले; मराठी, कानडी, उर्दू तिन्ही भाषा जिभेवर. संध्याकाळी महादेवाच्या ओट्यावर बसून ते मोठ्या माणसांना ग्रीकांच्या अथेन्स नगराचा कारभार सांगत. "तिथं राजा नव्हता. लोक टेकडीवर जमायचे, ज्याला बोलायचंय तो उठून बोलायचा, मग हात वर करून निकाल. कारभारीसुद्धा चिठ्ठ्या टाकून निवडायचे." निजामाच्या राज्यात चार माणसं जमवायची तर परवानगी काढावी लागे. तिथं हे ऐकून माणसं हरखून जात.

"बायका बोलायच्या का हो तिथं?" भाकरी वाढताना शिवकांतानं एकदा नवऱ्याला विचारलं.

"न्हाय. बायकांना अन् गुलामांना मज्जाव."

"मग कसलं आलंय सगळ्यांचं राज्य?"

मास्तरांनी हसून आणखी एक भाकरी मागून घेतली.

हळूहळू ओट्यावर गावाचीच बैठक भरू लागली. पाणवठ्याचं जुनं भांडण हात वर करून मिटलं. राखणदार चिठ्ठीनं निवडला. मास्तरांचा लंगोटीयार वीरप्पा दुकानदार, चारचौघांत ज्याची बोबडी वळायची, त्याला मास्तरांनी धीर देऊन देऊन बोलतं केलं.

बातमी लोहाऱ्याच्या पोलीस अमीनाच्या कानावर गेली. घोड्यावरून येऊन त्यानं वीरप्पाला चावडीत बोलावलं, काहीबाही दरडावलं आणि निघून गेला. त्याच संध्याकाळी वीरप्पा ओट्यावर उभा राहिला.

"मास्तर गावात राहिले तर आपल्यावर जप्ती येती, असं साहेब म्हणालेत. मास्तर, तुमीच सांगितलंत न्हवं? एखादा माणूस नगराला जड झाला की खापऱ्या टाकून कौल घ्यायचे, अन् दहा वर्सं त्याला बाहेर धाडायचे. घरदार त्याचं त्याला ऱ्हायचं. नावाला बट्टा न्हाय."

मास्तरांना राग आला नाही, उलट ऊर भरून आला. केवढं ध्यानात ठेवलंय गड्यानं! आणि गाव आपल्याला सोडणार नाही, याची त्यांना खातरी होती.

"घ्या कौल," ते म्हणाले.

कुंभाराकडून फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या आल्या. मास्तरांनी जावं असं वाटेल त्यानं कोळशाची रेघ ओढायची, राहावं वाटेल त्यानं खापरी कोरी ठेवायची. एकेक माणूस उठून रांजणात खापरी टाकू लागला. शिवकांता ओट्याखाली उभी होती. तिच्या हाती कुणी खापरी दिली नाही.

वीरप्पानं रांजण पालथा केला. काळ्या रेघांच्या खापऱ्यांचा ढीग झाला. कोऱ्या एका मुठीत मावल्या. ज्यांचे अर्ज मास्तरांनी लिहिले, ज्यांच्या आजारपणात रात्री जागून काढल्या, ती सगळी माणसं खाली बघत बसली होती.

"नियम तो नियम," मास्तर म्हणाले.

सकाळी बैलगाडी लोहाऱ्याशी पोचली, तर तोच अमीन समोर आला. गाडीतली भांडीकुंडी बघून चकित झाला.

"किधर चले मास्टर?"

"आपनेच तो निकाला, साहेब."

"हम तो सिर्फ बैठक बंद करो बोले थे. गाँव छोड़ने कू किसने बोला?"

मास्तरांनी गाडीची दांडी घट्ट धरली. शिवकांता म्हणाली, "चला, माघारी चला. गावाला सांगू." मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. वीरप्पा खोटं बोलला, हे सांगता आलं असतं. पण रेघा तर सगळ्यांनीच ओढल्या होत्या. त्यांनी गाडी भूमच्या वाटेला लावली.

भूमला ते एका अडतीवर लिहायच्या कामाला लागले. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. दुसऱ्या वर्षी वीरप्पा दारात येऊन उभा राहिला.

"गावात पंचायत व्हायलीय. तुमी चला, मास्तर. तुमच्याबिगर शोभा न्हाय."

शिवकांतानं चहाची बशी वीरप्पापुढं ठेवली. "वीरप्पाण्णा, साहेबाचं नाव का घेतलंत?"

वीरप्पानं बशी जवळ ओढली, पण उचलली नाही. "मास्तर बसलेले असले की माझं कुणी ऐकत नव्हतं, अक्का. म्या बोलायचो, अन् समदी त्यांच्या तोंडाकडं बघायची."

"तुला तर मीच उभं केलं होतं रं," मास्तर म्हणाले.

"त्याचंच तर लई लागायचं."

मास्तर उठले, टोपी घातली. "चहा पिऊन जा. मला अडतीवर जायचंय," म्हणाले आणि वीरप्पाकडं न बघताच घराबाहेर पडले.