फाट्यापासून घरापर्यंत

मुकादम खरं तर कधीच मुकादम नव्हते. एकतीस वर्षं ते रस्ते खात्यात मैलकुली होते. मोठ्या डांबरी रस्त्याचा पाच किलोमीटरचा तुकडा त्यांच्या ताब्यात असायचा. खड्डे बुजवायचे, चर उपसायचे, कडेचं गवत कापायचं. बढती शेवटपर्यंत आली नाही, म्हणून गावानेच ती देऊन टाकली. गावाच्या खिशाला त्याची तोशीस नव्हती.

आणि ज्या माणसाच्या तुकड्यावर गाडीतल्या कपातला चहा हिंदकळत नसे, त्याच्याच घराकडे फाट्यावरून येणारा तीन किलोमीटरचा खडीचा रस्ता बघवत नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. वळणावर पत्र्यासारख्या आडव्या वळ्या, ओढ्याजवळ चाकोऱ्या इतक्या खोल की गाडीचं पोट घासायचं. गाव आपल्या परीने दुरुस्ती करी, म्हणजे जो तो आपापल्या दारापुढे माती आणि विटांचे तुकडे टाकी. पाऊस पडला की मातीचा चिखल व्हायचा आणि विटांना ठेचा लागायच्या.

या रस्त्यापायी मुकादमांची एकुलती एक लेक चार वर्षं माहेरी आली नव्हती.

तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर एकदा ती आली. शहर ते फाटा पाच तास तिने कसेबसे काढले, पण पुढच्या तीन किलोमीटरनंतर तिला दोघांनी उचलून घरात आणावं लागलं. आठ दिवस ती उताणी पडून छत बघत राहिली आणि तशीच परत गेली. डॉक्टरांनी बजावलं, आता असले धक्के चालणार नाहीत. मुकादम आणि त्यांची बायको, म्हणजे गावाच्या काकू, वर्षातून दोनदा तिच्याकडे जाऊन राहत, पण लेकीच्या दोन खोल्यांत पाहुणे म्हणून राहणं वेगळं आणि लेक माहेरी येणं वेगळं. खिडकीजवळच्या तिच्या कॉटवरची चादर काकू दर महिन्याला बदलत. त्या कॉटवर कुणी बसलं की त्यांना चालत नसे.

दर रविवारी लेकीचा फोन यायचा. "बाबा, ओढ्याजवळचं झालं का काही?"

"होईल गं."

"मला त्या खिडकीत नुसतं पडून राहायचंय. पण गाडीत बसले की आता डोळाच लागत नाही. पुढचा धक्का कधी येतो तेवढं बघत बसते."

शेवटी मुकादमांनी रस्ते खात्याला अर्ज केला. महिन्याने उत्तर आलं, साहेब पाहणीला येतील. आणि इथे मुकादमांनी घोळ घातला.

साहेब येणार म्हटलं की आधी रस्ता नीट करायचा, ही एकतीस वर्षांची सवय. खराब रस्ता साहेबांच्या नजरेस पडणं म्हणजे त्यांना उघड्या अंगाने चारचौघांत गेल्यासारखं वाटे. त्यांनी दहा माणसं गोळा केली, दोन दिवस खपून ओढ्याजवळच्या चाकोऱ्यांत मुरूम भरला, धुम्मस घेऊन स्वतः ठोकला, वर कडेच्या दगडांना चुनाही फासला. साहेब आले, चहा प्यायले, म्हणाले, "छान ठेवलाय रस्ता. मोठ्या रस्त्यांवर असं काम दिसत नाही हो." मुकादमांची छाती फुगली. एकतीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. रस्ता सुस्थितीत आढळला, तूर्त कामाची गरज नाही. तोवर दोन सरींनी सगळा मुरूम ओढ्यात नेला होता.

पत्र वाचून दाखवलं ते नर्सबाईंनी. त्या आठवड्यातून दोनदा याच रस्त्याने स्कूटरवर यायच्या आणि दोनदा पडल्याही होत्या. "मुकादम, ताप दाखवायला डॉक्टरकडे निघालात आणि जाताना गोळी खाऊन गेलात की हो."

काकू म्हणाल्या, "आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतलात." आणि आत जाऊन कॉटवरची चादर उगाचच झटकत राहिल्या. मुकादमांना ते बोलणं परवडलं असतं, ते झटकणं ऐकवेना.

मग नर्सबाईंनी सूत्रं हातात घेतली. कचेरीत जाऊन आधी रस्त्याचा नोंदणी क्रमांक शोधला, कारण क्रमांकाशिवाय अर्ज म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. स्वतःच्या वहीतून त्यांनी रस्त्यापायी पोचता न आलेले दिवस काढले. वर्षात तेवीस निघाले. दर पंधरवड्याला तारखेसह फोटो. काकूंनी सात दिवस ओट्यावर बसून जाणारी-येणारी वाहनं मोजली, गाडी गेली की एक चिंचोका डब्यात. अर्जात काय मागायचं ते मात्र मुकादमांनी सांगितलं. "डांबर मागू नका, म्हातारे होऊ रांगेत. खडीचाच मागा, पण मध्ये उंच नि दोन्ही कडांना उतार. बाजूला चर. वर्षातून दोनदा यंत्र फिरवा म्हणावं, चर आम्ही साफ ठेवू. रस्त्याला गाडी मारत नाही, पाणी मारतं." तसं लिहून घरटी एक सही घेतली, आणि अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्काही.

एकच गोष्ट उरली, आणि तीच सगळ्यांत अवघड. पुन्हा पाहणी होईपर्यंत रस्त्याला कुणी हात लावायचा नाही. मुकादमांचा स्वतःवर भरवसा नव्हता. त्यांनी फावडं, घमेलं, धुम्मस कोठीत टाकून किल्ली काकूंकडे दिली. रोज सकाळी हात पाठीमागे बांधून ओढ्यापर्यंत जायचे, चाकोऱ्या बघायचे आणि परत यायचे.

चौथ्या महिन्यात लेकीचा फोन आला, तोही रविवार नसताना.

"बाबा, तुम्ही साहेबांसाठी दोन दिवसांत भरला होता ना रस्ता? माझ्यासाठी भरा की. मी हळूहळू येते. आईला आपल्या घरात बघावंसं वाटतंय."

मुकादमांची नजर कोठीच्या दाराकडे गेली. दोन दिवसांचं तर काम होतं. किल्ली काकूंच्या कमरेला होती आणि काकू समोरच उभ्या होत्या.

"आता भरला तर एकदा येशील बाळा. मग परत चार वर्षं."

"एकदा तरी येईन ना."

"नको."

तिने फोन ठेवला. मुकादम ओट्यावर जाऊन बसले आणि त्यांना रडू आलं. काकूंनी किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली. मुकादमांनी ती परत काकूंच्या हातात दिली.

साहेब आले ते आणखी सहा आठवड्यांनी. ओढ्याजवळ गाडीचं पोट घासलं, साहेब उतरून चालत आले. "हाच का तो रस्ता?"

मुकादमांनी हात जोडले. "मागच्या वेळी मी तुम्हाला फसवलं साहेब. नीट करून ठेवला होता."

"खराब दाखवून फसवणारे रोज भेटतात," साहेब म्हणाले, "चांगला दाखवून फसवणारे तुम्ही पहिलेच." आणि नर्सबाईंची वही घेऊन ते तिथेच दगडावर वाचत बसले.

पीक निघाल्यावर यंत्रं आली. जुना रस्ता उकरला, नवी खडी आणि मुरूम पडला, रोलर फिरला. मुकादम मागोमाग पाण्याची बादली घेऊन हिंडत. मधोमध तांब्याभर पाणी ओतायचे आणि ते दोन्हीकडे पळेपर्यंत बघत राहायचे. एका ठिकाणी पाणी थांबलं, तिथे त्यांनी रोलरवाल्याला हटकून पुन्हा काम करायला लावलं. चावडीवर चर सफाईच्या पाळ्यांचा कागद लागला, त्यावर देखरेखीपुढे लिहिलं होतं : मुकादम. बढती झाली एकदाची.

लेक आली त्या दुपारी मुकादम अकरापासून ओट्यावर होते. गाडी वळणावर दिसली. ओढ्याजवळ तिचा वेग कमी झाला नाही. गाडी दारात थांबली तेव्हा काकू धावल्या, पण जावयांनी उतरता उतरता ओठांवर बोट ठेवलं.

मागच्या सीटवर लेक उशीवर मान कलंडून गाढ झोपली होती.

"फाट्यापर्यंत टक्क जागी होती," जावई हळू आवाजात म्हणाले. "या रस्त्याला लागलो आणि डोळा लागला तिचा. उठवू का?"

चार वर्षं वाट पाहिलेले मुकादम काचेला नाक लावून उभे होते.

"राहू दे," ते म्हणाले. "झोपू दे तिला."

ओट्यावरची खुर्ची उचलून त्यांनी गाडीशेजारी ठेवली आणि तिथे बसून राहिले.