पाठीवरचा ओरखडा

मुरुडच्या रस्त्यावरच्या आमच्या गोल्फ मैदानावर पाहुण्यांच्या काठ्या वाहणारा तो, कुठलीही काठी हातात आली की विळ्याची धार बघावी तसा तिच्या तोंडावरून अंगठा फिरवतो.

परवा एका साहेबांचा चेंडू तिसऱ्यांदा तळ्यात गेला. काठीच्या पाठीवरचा ओरखडा दाखवत ते माझ्यावर ओरडले, "यानं पाडली, म्हणून बिघडली. उद्यापासून हा नको!"

त्यानं अंगठा फिरवला. "पाडली मीच, साहेब. पण खरचटलंय पाठीला. चेंडू तोंडाला लागतो, तिथं काय न्हाय."

मग चपला काढून, लावणीच्या चिखलात रोवावेत तसे पाय रोवून त्यानं तीच काठी फिरवली. चेंडू तळं ओलांडून थेट झेंड्याशी! आम्ही टाळ्या पिटल्या.

"काठी बरी हाय, साहेब," म्हणत त्यानं ती पुसून परत दिली.

दुसऱ्या दिवशी कामावर कोण, याची यादी मीच करतो. पहिलं नाव त्याचं लिहिलं.