आगीकडे पाठ

एकतीस वर्षं काटेकाकांनी आगीकडे पाठ करून नोकरी केली. भित्रे होते म्हणून नव्हे. बंब उभा करायची पद्धतच तशी: तोंड रस्त्याकडे, मागची बाजू आगीकडे, आणि पंपाचा फलक त्या मागच्या बाजूला. पंप चालवणाऱ्याला फलकाकडे बघायचं असतं, त्यामुळे आपल्या पाठीमागे काय जळतंय ते त्याला दिसतच नाही. दिसतात ते दोन काटे. एक टाकीत पाणी किती उरलंय ते सांगणारा, दुसरा नळीत जोर किती आहे ते सांगणारा. त्या काट्यांवरून काकांची नजर हलवणं कुणाला जमलं नाही, म्हणून जवानांनी त्यांचं नाव काटेकाका ठेवलं. खरं नाव हळूहळू फक्त हजेरीपुस्तकात उरलं.

लोकांना आत धावणारा माणूस आवडतो. आवडू दे बापडा. अग्निशमन केंद्राच्या व्हरांड्यात धुरातून बाहेर आलेल्या जवानांचे चौदा फोटो टांगलेले आहेत. त्यांतल्या एकात, अगदी कडेला, काकांचा कोपर दिसतो. नवीन भरती झालेल्यांना काका तो आवर्जून दाखवत. "बाही दुमडायची पद्धत बघा, म्हणजे पटेल माझाच आहे." सगळे हसत, काकाही हसत. पण त्या कोपराशिवाय नळीत थेंब आला नसता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हे ठाऊक व्हायला त्यांना एकदा फार वाईट धडा मिळाला होता. नोकरीचं तिसरं वर्ष. गाद्यांच्या गोदामाला आग लागली होती, आत दोघं जवान नळी घेऊन शिरले होते, आणि आतून कुणीतरी ओरडलं. तरुण रक्त, हातातला पंप सोडून काका दाराकडे धावले. वीस पावलं गेले असतील. तेवढ्यात पंपात हवा शिरली, जोर पडला, आणि आतल्या दोघांच्या हातातली नळी ढिली पडली. दोघंही वाचले. पण पुढच्या थोराड जवानाचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. इस्पितळात काका त्याच्या खाटेशी जाऊन उभे राहिले तेव्हा तो रागावलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "आत येऊन काय देणार होतास मला? पाणी तर तुझ्याकडेच होतं." त्यानंतर काकांनी पंप कायमचा मागून घेतला. ही गोष्ट बायकोला माहीत होती. लेकीला त्यांनी कधी सांगितली नव्हती, लाज वाटायची.

लेक नऊ वर्षांची असताना शेजारचं कुटुंब दुसऱ्या गावी गेलं आणि जाताना टीव्हीला जोडायचा एक खेळ ठेवून गेलं. कॅसेटवर जपानी अक्षरं, आत मोडकंतोडकं इंग्रजी. पडद्यावर डावीकडे राक्षस, उजवीकडे आपले चार वीर, रांगेत उभे. यांनी काय करायचं ते आपण सांगेपर्यंत राक्षस जागच्या जागी पाय हलवत थांबणार. मग आपली पाळी, मग त्याची. काकांना हा शिष्टाचार भलताच आवडला.

"आग अशी थांबत असती ना," ते म्हणाले, "तर आम्ही चहा घेऊन कामाला लागलो असतो."

चौघांची नावं घरात ठेवली गेली. तलवारवाला तो दांडगा. तो लेकीने झडप घालून घेतला. पांढरा झगा घालून इतरांच्या जखमा भरणारी ती पांढरी. ती काकांनी न मागता घेतली. जादूगार टोपीवाला काकूंकडे आला. काकू शिलाई मशीनवरून उठतसुद्धा नसत. पाठमोऱ्याच हुकूम सोडत आणि कुणीतरी त्यांच्या वतीने बटण दाबे. चौथा तिरंदाज चिंधी. तो कुणाचाच नव्हता, ज्याला आठवण होईल तो त्याला कामाला लावी.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. टोपीवाल्याला येणारा पहिला मंत्र आगीचा होता. काकूंनी दोरा तोडता तोडता सांगितलं, "आग टाक."

"या घरात आग लावायची नाही," काका म्हणाले. "खोटीसुद्धा नाही."

"अहो, राक्षसावर टाकायचीय. पडद्यावर नाही."

"कुणावरही नाही."

काकांचे नियम कमी होते, पण जे होते ते दगडावरचे होते. सगळ्या जगाने ज्या मंत्रावर तो खेळ खेळला असेल, तो या घरात एकदाही वापरला गेला नाही. टोपीवाला बर्फ आणि विजेवर दिवस काढत राहिला. पन्नास तासांचा खेळ या मंडळींना दीड वर्ष पुरला, आणि शेवटच्या गुहेत येऊन अडकला. गुहेत बर्फाचा राक्षस होता. बर्फ्या. त्याच्यावर बर्फ टाकला की तो आणखी गुबगुबीत होई, आणि विजेने त्याला गुदगुल्या होत असाव्यात. अकरा वेळा हरल्यावर लेकीची वार्षिक परीक्षा आली आणि खेळ पत्र्याच्या डब्यात बंद होऊन माळ्यावर गेला. बर्फ्या आगीशिवाय मरत नाही, हे लेकीला वर्गातल्या एका मुलीने केव्हाच सांगितलं होतं. ती घरी बोलली नाही. बाबांचा नियम मोडून जिंकण्यात तिला गोडी वाटली नसती.

त्यानंतर तेरा वर्षांनी लेक अग्निशमन दलात भरती झाली. प्रशिक्षणात शिडीत पहिली, दोरात पहिली. संचलनाच्या दिवशी काकांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बराच वेळ ते एकटेच वाजवत होते. काका निवृत्त होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. सहा महिन्यांनी लेकीची नेमणूक लागली. कुठे? पंपावर. काकांच्याच बंबावर, काकांच्याच फलकासमोर. काकांनी तो दिवस सणासारखा घालवला. लेकीने मात्र जेवताना मान वर केली नाही.

दोन महिने ती पंपावर उभी राहिली. मग एका रविवारी दुपारी तिने जेवणाच्या टेबलावर पाकीट ठेवलं.

"बाबा, उद्या साहेबांना अर्ज देतेय. पंपावरून बदली हवीय. साहेब तुमचा शब्द मानतात. एकदा बोलाल त्यांच्याशी?"

"कारण काय लिहिलंयस?"

"खरं तेच. बाहेर उभं राहायला मी भरती झाले नाही."

बोलून गेली आणि मग आपण हे कुणाला बोललो ते तिच्या लक्षात आलं. "तुमच्याबद्दल नाही म्हणत मी."

"माझ्याबद्दलच आहे ते," काका म्हणाले. "तिथे मीच उभा होतो."

काकूंचं मशीन थांबलं. काकांना लागलं होतं, आणि चांगलंच लागलं होतं. दलाने फोटो लावला नाही याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. पण एकतीस वर्षं ज्या जागेवर ते ताठ मानेने उभे राहिले, ती जागा उभं राहण्यासारखी नाही, असं आता पोटची पोर लिहून देणार होती. आणि त्यावर शिफारस करायची कुणी, तर त्यांनी.

"टाकतो शब्द," ते शेवटी म्हणाले. "पण आधी माळ्यावरचा तो डबा काढ."

"आत्ता?"

"बर्फ्या राहिलाय."

मागच्या खोलीतला जुना टीव्ही बाहेर टेबलावर आणून वायरी जोडल्या. कॅसेटमधली नोंद शिल्लक असेल याची कुणाला खात्री नव्हती, पण चौघंही गुहेच्या दाराशी रांगेत उभे होते, चौदा वर्षांपूर्वी सोडले तसेच. लेकीने सवयीने दांडग्याकडे हात नेला.

"तो मला दे," काका म्हणाले. "आज पांढरी तुझी."

लेकीला ते आवडलं नाही, पण अर्जावर शब्द हवा होता. बर्फ्या समोर आला. आणि काकांनी जे सुरू केलं ते बघून काकूंनी खुर्ची वळवून घेतली. समोर काय, मागे काय, काही न बघता त्यांनी दांडग्याला दर पाळीला तलवार घेऊन पुढे पिटाळलं. लेक दहा वर्षांची असताना खेळायची, हुबेहूब तसं.

"बाबा, ढाल घ्या की एकदा."

"ढाल भित्र्यांनी घ्यावी."

"अहो, पण तुमच्या जखमा भरता भरता माझी शक्ती संपतेय. सात पाळ्या पुरेल एवढीच आहे."

"ते तुझं तू बघ. मी आत आहे."

लेकीने त्यांच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांकडे. त्यानंतर तिची नजर तिथून हलली नाही. सातच्या सहा झाल्या, सहाच्या पाच. ती तोंडातल्या तोंडात हिशेब करायला लागली: चिंधीला एक पाळी थांबवता येईल, बाबांना नाही, आईला आत्ताच द्यावं लागेल. "आई, तू या खेपेला नुसती थांब." काकू मुकाट्याने थांबल्या, आणि हे त्या घरात फार क्वचित घडे. काका डोळ्याच्या कडेने लेकीकडे बघत होते. बर्फ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

मग बर्फ्याने हिमवादळ आणलं. चिंधी आडवा झाला. टोपीवाला आडवा झाला. दांडगा तर आधीपासूनच अर्धा मेलेला होता, तोही गेला. पांढरी एकटी उभी राहिली. तिच्या शक्तीत एकच मोठा मंत्र बसत होता, पडलेल्या एकाला उठवण्याचा. नाहीतर पिशवीतल्या औषधाच्या थोड्या बाटल्या आणि हातातली काठी होती.

"मार काठी," काका म्हणाले. "पुढे हो. एवढी वर्षं तुला तेच हवं होतं."

"काठीने तो मरेल का?"

"नाही."

लेकीने कोपऱ्यातले आकडे पुन्हा मोजले. खेळ थांबून होता, बर्फ्या पाय हलवत होता. शेवटी तिने मोठा मंत्र उचलला. दांडग्याला नाही, टोपीवाल्याला उठवलं. बर्फ्याने पांढरीला तडाखा दिला. ती पडली नाही.

"आई, तुझी पाळी," लेक म्हणाली.

"काय टाकू?" काकूंनी विचारलं. विचारलं लेकीला, पण बघितलं नवऱ्याकडे. "एकतीस वर्षं विझवलीत. एकदा लावून बघा."

काकांनी लेकीकडे पाहिलं. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पाचवीपासून."

"आणि बोलली नाहीस?"

"नियम तुमचा होता."

"टाक आग," ते म्हणाले, आणि बटण स्वतः दाबलं.

एका आगीत बर्फ्या मेला नाही. चार लागल्या. दर खेपेला तो टोपीवाल्याला जवळपास संपवी, आणि दर खेपेला लेक पिशवीतली औषधाची एक बाटली टोपीवाल्याला देई, स्वतःला नाही. शेवटची बाटली संपली तेव्हा पांढरीच्या जिवाचा आकडा तीनवर आला होता. मग चौथी आग पडली, पडदा पांढरा झाला, आणि चौदा वर्षांचा राक्षस पाणी होऊन वाहून गेला.

मशीनपाशी काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि विचारायच्या आत सांगून टाकलं की कचरा गेलाय. पडद्यावर जपानी माणसांची नावं सरकत होती. ती सरकत असताना, पडद्याकडेच बघत, काकांनी लेकीला गाद्यांच्या गोदामाची गोष्ट सांगितली. वीस पावलं सांगितली. भाजलेला हात सांगितला. काही लपवलं नाही.

"नळी ढिली पडली," लेक हळूच म्हणाली.

"पडली. माझ्यामुळे."

नावं संपली. मग तिने विचारलं, "पंपात हवा शिरतेय ते काटा पडायच्या आधी कळतं का?"

"कळतं. फलकाच्या खाली तळवा ठेवायचा. आत खडे घोळल्यासारखं होतं. कानाला नंतर कळतं, तळव्याला आधी." त्यांनी स्वतःचा तळवा टेबलावर टेकवून दाखवला, आणि लेकीने शेजारी आपला टेकवला.

सोमवारी पाकीट टेबलावरच होतं. बुधवारी काकूंनी अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कुणाच्या तरी कॉलरचं माप लिहिलं.

पुढच्या महिन्यात लाकडी सामानाच्या कारखान्याला भर दुपारी आग लागली. लेक तिथे गेलीय हे काकांना कळलं, आणि त्यांनी दुपारभर तीनदा त्याच कुंडीला पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीवरचा जवान घरी आला. काकांच्या हाताखाली तयार झालेला, आता स्वतःच पोक्त झालेला गडी. भुवया जळल्या होत्या, पण खुशीत होता.

"काका, काल पाऊण तास आत होतो आम्ही. छताची एक बाजू आली खाली. बाहेर लोकांनी एवढा आरडाओरडा केला की आम्हाला आत ऐकू आला. पण पाणी जरासुद्धा हललं नाही. क्षणभर वाटलं, बाहेर तुम्हीच आहात."

काकांनी एकच प्रश्न विचारला. "छत पडलं तेव्हा तिने मागे वळून पाहिलं?"

"नाही. मी मुद्दाम विचारलं बंबाच्या चालकाला. तळवा फलकाला आणि नजर काट्यावर. तुमच्यासारखीच बाही दुमडून."

काका खुर्चीतून उठले आणि खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. जवान गोंधळून काकूंकडे बघायला लागला.

"बस रे तू," काकू म्हणाल्या. "त्यांची ती सवयच आहे. मोठं काही घडलं की पाठ करून उभे राहतात."