दोन स्टेंट घेऊन अंटार्क्टिकाला

दोष आप्पांचा. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण आमच्याकडे मोठ्यांची चूक फिरून फिरून पोराच्याच अंगावर येते.

आप्पा म्हणजे माझे वडील. पिंपळगावकडे द्राक्षबाग, नाशकात बंगला आणि छातीत दोन स्टेंट. एक प्लॉट विकला गेला आणि आप्पांनी जाहीर केलं, "दुबई काय, कुणीबी करतं. आपण अंटार्क्टिका करू!" सोबतीला बाळूकाका, आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त, सिन्नरच्या एमआयडीसीत वर्कशॉप असलेले; आणि त्यांची बायको, शैलाकाकू. आईने साफ सांगितलं, "मला गंगापूर धरणाच्या होडीतबी गरगरतं." मग तिच्या जागी मी. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेला, म्हणजे रिकामा. इंग्रजी येतं, म्हणजे हमाल!

अशा ट्रिपचे किस्से संपत नाहीत. टपरीवर एक सांगितला की मित्र दुसरा उकरून काढतात, आणि तो सांगता सांगता मलाच तिसरा आठवतो. पोरं पोट धरून हसतात. मी बोटीवर एक दिवस धड हसलो नाही, हे कुणी विचारत नाही.

*

पहिला किस्सा फॉर्मचा. बोटीच्या कंपनीने मेडिकल फॉर्म पाठवला. आप्पा सोफ्यावर, मी लॅपटॉपवर.

"हृदयाचा काही त्रास?" मी वाचलं.

"नाय लिही."

"आप्पा, दोन स्टेंट आहेत!"

"त्रास होता म्हणून स्टेंट टाकले. टाकले म्हणजे त्रास गेला. मग नायच की!"

खाली डॉक्टरची सही लागत होती. आमचे फॅमिली डॉक्टर आप्पांचे दोस्त. रविवारी मिसळ खाता खाता त्यांनी न वाचता सही ठोकली. "आप्पा तर घोडा आहे घोडा!" फॉर्मवर तर्रीचा डाग पडला, तो मी स्कॅन करताना मिटवला.

मी म्हणालो, "तिथे हॉस्पिटल नसतं. दोन दिवस नुसतं पाणी."

"कॉलेज पुरं न करणाऱ्यानं मला शिकवू नये. आईची शपथ आहे तुला, तोंड उघडलंस तर."

शपथ आईची, जीव आप्पांचा, आणि फॉर्म भरणारा मी!

*

बोट म्हणजे पंचतारांकित हॉटेल. पहिल्या संध्याकाळी बाळूकाकांना कॉरिडॉरच्या कठड्यात खोचलेल्या कोऱ्या कागदी पिशव्या दिसल्या.

"फुकट ठेवल्यात!" काकांनी मजल्यावरच्या सगळ्या काढल्या, केबिनमध्ये बसून त्यांत चिवडा भरला आणि रबरबँड लावले. "उद्या एकेकाला एकेक पुडा. गोरे बघत राहतील!"

दुसऱ्या दिवशी ड्रेक पॅसेज लागला, अंटार्क्टिकाच्या वाटेवरचा सगळ्यात खवळलेला समुद्र. बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. टेबलावरच्या बशा आपोआप चालायला लागल्या. कसारा घाट धुक्यात डोळे मिटून उतरतो म्हणणारे बाळूकाका भिंतीला धरून, उलटी दाबत ओरडत होते, "शैला, पिशवी! रिकामी पिशवी!"

शैलाकाकू शांतपणे म्हणाल्या, "एकबी रिकामी नाही. तुम्हीच भरल्यात. आता चिवड्यावरच घ्या!"

इथे टपरीवर सगळे लोळतात. पण त्याच वेळी आमच्या केबिनमध्ये आप्पा पलंगाच्या कडेवर बसले होते. उलटी नाही, काही नाही. नुसता तळहात छातीवर.

"काय होतंय?"

"ॲसिडिटी."

तो अख्खा दिवस मी त्यांचा श्वास मोजत बसलो. लाट आली की खोली तिरकी व्हायची आणि माझा आकडा चुकायचा. चुकला की मला वाटायचं, गेले!

*

बर्फावर उतरण्याआधी बाहेरचं बी-बियाणं तिकडे जाऊ नये म्हणून खिसे तपासतात. हॉलमध्ये एक तरुण गोरी मुलगी व्हॅक्यूम आणि चिमटा घेऊन बसलेली. आमच्या घरात प्रवासाला निघताना खिशात अक्षता टाकतात. आप्पांच्या जॅकेटच्या प्रत्येक खिशात टाकलेल्या! आईने तर आतलासुद्धा सोडला नव्हता.

ती चिमट्याने एकेक तांदूळ काढत होती. कुंकू लागलेला लाल तांदूळ बघून म्हणाली, "हे काय?"

"सांग तिला, आशीर्वाद हे," आप्पा मला म्हणाले.

मग निघाले बेदाणे. "घरच्या बागेतले! खाऊन बघ म्हणावं!" तिने सगळे पिशवीत भरून सील केले. शैलाकाकू पुटपुटल्या, "आशीर्वाद जप्त झाला!"

शेवटी तिच्या हाताला गोळ्यांची पट्टी लागली. छातीत कळ आली की जिभेखाली धरायची ती गोळी. दोन घरं रिकामी होती. निघताना पट्टी अख्खी होती, मी स्वतः खिशात घातली होती.

"आणि हे?" तिने मला विचारलं.

आप्पा मराठीत, हसऱ्या तोंडाने: "ॲसिडिटी म्हण."

मी तिच्या डोळ्यांकडे न बघता म्हणालो, "ॲसिडिटी."

*

बर्फावर एक नियम कडक होता. पक्ष्यांत रोग पसरलाय, म्हणून खाली बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत. बाळूकाका पेंग्विनच्या वाटेत मधोमध उभे राहिले, तर गाईड धावत आला. "त्याला आधी जाऊ द्या!"

काका बाजूला होत म्हणाले, "आमच्याकडं आमदाराची गाडी अशीच जाती!"

तेवढ्यात समोर हिमकडा कोसळला. खाणीत सुरुंग उडावा तसा आवाज. मी दचकून वळलो, तर आप्पा बर्फावर गुडघ्यांवर! ओठ काळसर, कपाळावर घाम. त्या थंडीत घाम!

गाईड ओरडला, "सर, बसायचं नाही!"

आप्पांनी पटकन हात जोडले. "नमस्कार करतोय म्हणावं."

गाईडने मान झुकवली, दोन फोटोही काढले. जोडलेल्या हातांच्या आडून गोळी जिभेखाली गेली होती. आमच्या नाशिकच्या ग्रुपवर तो फोटो आहे. खाली ऐंशी जणांनी हात जोडलेत!

*

बर्फावर पोचल्याच्या चौथ्या दिवशी पोलर प्लंज. कमरेला दोरी बांधून बर्फाच्या पाण्यात उडी, एक किंकाळी, लगेच शिडीने वर. वर टॉवेल घेऊन बोटीची डॉक्टरीणबाई उभी.

"आप्पा, नको."

"गोदाकाठचा माणूस पाण्याला भितो व्हय? तू परीक्षेलाबी भ्यायलास, तुझं काय घेऊन बसायचं!"

उडी मारली. वर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोरीवाल्याने हात पुढे केला. आप्पांनी मान हलवली.

"एका डुबकीनं तीर्थ होत नाय! तीन!"

नाक दाबलं आणि गेले खाली. लोकांना वाटलं खेळ आहे. सगळी बोट ओरडायला लागली, "टू! टू!" आप्पा वर आले तेव्हा त्यांचा चेहरा बर्फासारखा निळा होता. त्यांनी पुन्हा नाक दाबलं.

"स्टेंट! दोन स्टेंट आहेत! ओढा त्याला!" मी इंग्रजीत किंचाळलो. आयुष्यात पहिल्यांदा बापाला अरेतुरे केलं, तेही मराठीत: "वर ये रे, मरशील!"

दोरी ताणली गेली. आप्पा शिडीशी झोंबत होते. "सोड! एक राहिली!" टाळ्या बंद पडल्या.

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या. मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. फॉर्म, गोळी, ॲसिडिटी, सगळं. दारात बाळूकाका उभे. बाईंनी कागदाची पट्टी दोनदा बघितली आणि सावकाश म्हणाल्या, "टुडे, स्ट्राँग हार्ट. पण यापुढे केबिनबाहेर पाऊल नाही."

आप्पांना पहिलं वाक्य कळलं. दात वाजत होते, तरी उठून बसले आणि माझ्याकडे बघितलं.

"ऐकलंस? स्ट्राँग हार्ट म्हनली."

आप्पा माझ्याशी बोलले ते हे शेवटचं वाक्य. सात महिने झाले. रोज बागेत जातात, पण शपथ मोडणाऱ्या पोराशी बोलत नाहीत.